आग्नेय कोपऱ्यातली ओल

मी जमीन बोलतेय. शेताची नव्हे, घराची. अमेरिकेतल्या रेडमंड नावाच्या पावसाळी गावातल्या एका नव्या घराच्या तळमजल्याची काँक्रीटची जमीन. जमिनीला कोणी नाव ठेवत नाही, तिच्याकडे बघतही नाही. सांडलं तरच बघतात. माझ्याकडे मात्र एका आईने चार महिने गाल टेकवून बघितलं, आणि तरी तिला माझं बोलणं कळेना. त्या दिवसांत माझ्या जिवाचं काय झालं ते आज सांगते.

माझा जन्म १९८४ च्या एप्रिलमधला. जन्माआधी माझं अंथरूण झालं. आधी खडी, खडीवर जाड प्लास्टिकचा कागद, कागदावर निळ्या फोमच्या दोन-दोन इंची फळ्या. प्लास्टिक कशाला? तर मातीतली ओल वर चढू नये म्हणून. फोम कशाला? तर मातीतला गारठा मला लागू नये, आणि माझ्यावर चालणाऱ्या पायांना माझ्यामुळे लागू नये म्हणून. हँक नावाचा उंच, टोपीवाला मुकादम होता. त्याने प्रत्येक फळी गुडघ्याने दाबून बसवली, सांधे चिकटपट्टीने बंद केले. तान्ह्या बाळाला गुंडाळतात ना, तसं. शनिवारी काम संपलं. सोमवारी काँक्रीटचा ट्रक येणार होता.

रविवारी घरमालक आले. चारुदत्त, कॉम्प्युटर कंपनीतले इंजिनियर, आणि त्यांची बायको उत्तरा. बरोबर त्यांची तीन वर्षांची पद्मिनी आणि श्रीरंग काका. हे काका एरवी हृदयाचे डॉक्टर, आणि शनिवार-रविवार गावातल्या सगळ्या मराठी घरांचे गुरुजी.

उत्तराच्या आईने नागपूरहून वास्तुपुरुष पाठवला होता. बोटाएवढा, चांदीचा. घर बांधून झालं की वास्तुशांतीला तो आग्नेय कोपऱ्यात पुरायचा असतो. पण इथे एक पंचाईत होती.

"एकदा काँक्रीट पडलं की खणायचं कुठे?" उत्तरा म्हणाली.

"म्हणून तर आजच उरकू," श्रीरंग काका म्हणाले. "देव काय, आधी आला तरी रागावत नाही. पेशंट मात्र आधी आला की फार रागावतो."

चारुदत्तनी स्वयंपाकघरातली ब्रेड कापायची सुरी आणली होती. तिने त्यांनी फोमचा दोन फुटांचा चौकोन कापला. खालचं प्लास्टिक चिरलं. खडी बाजूला सारून हातभर खड्डा केला. तांब्याच्या डबीत सप्तधान्य आणि वास्तुपुरुष ठेवून ती डबी खाली गेली. उत्तराने हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "माझ्या लेकराला सांभाळ रे बाबा."

माती परत लोटली, पण तिचा उंचवटा झाला आणि कापलेला चौकोन काही नीट बसेना. चारुदत्तनी दोनदा दाबून पाहिला. पाऊस भुरभुरू लागला होता, पद्मिनी रडत होती. "जाऊ दे," ते म्हणाले. "दोन फुटांनी काय होतंय?" त्यांनी उंचवटा पायाने सपाट केला, निळा तुकडा काखेत मारला आणि ते निघाले.

सोमवारी हँकने कामगारांना लोखंडी जाळी अंथरायला लावली आणि ट्रक मागे घेतला. रात्रीच्या पावसाने फळ्या चिखलाने माखल्या होत्या; त्या कोपऱ्यात मुद्दाम वाकून बघायचं त्याला कारण नव्हतं. मी ओतली गेले. सगळ्या अंगाखाली ऊब, आणि एका कोपऱ्यात उघडी माती. जन्मतःच माझ्या पाठीला हा एक उघडा डाग राहिला.

ती आग्नेयेची खोली उत्तराने पद्मिनीला दिली. पलंगही नेमका त्याच कोपऱ्यात. सगळ्या घरात ती जागा देवाच्या सर्वांत जवळ, म्हणून. आणि तो निळा चौकोन? तो टाकून द्यायला तिचं मन होईना. पूजेच्या दिवशीचा ना तो! तिने जुन्या जरीच्या लुगड्याचा अभ्रा शिवला आणि त्याचं पूजेचं आसन केलं. जेवणघरातल्या देवांसमोर ती रोज त्यावर बसायची. म्हणायची, "अहो, काय ऊबदार आहे हे! चटईपेक्षा छान."

ऊबदार असणारच. ते माझंच पांघरूण होतं, आणि आता माझ्या खाली असायचं ते माझ्या वर होतं.

तसं घर चांगलं होतं. दारात बुटांचा ढीग पडायचा, कारण या घरात बूट घालून आत यायचं नाही हा नियम शेजारच्या गोऱ्या बाईंनीही मान्य केला होता. हळदीकुंकवाला बायका सोफे सोडून माझ्यावर मांडी घालून बसायच्या. अनवाणी पाय जमिनीला फार बोलके वाटतात. कोण थकलंय, कोण रुसलंय, कोणाच्या मनात धाकधूक आहे, सगळं टाचेतून कळतं.

पहिल्या ऑक्टोबरात पाऊस लागला आणि त्या चिरलेल्या प्लास्टिकमधून ओल माझ्यात चढू लागली. मी तिला अडवू शकत नाही हो. काँक्रीट दिसायला दगड, पण पाणी पिण्यात कापूस. ओल माझ्यातून कार्पेटमध्ये गेली, कार्पेटखाली काळी बुरशी धरली, आणि त्या बुरशीच्या अगदी वर, हातभर अंतरावर, पद्मिनीचं नाक.

डिसेंबरात तिला पहिला दम्याचा झटका आला. तिच्या छातीतली शिट्टी मला पलंगाच्या पायांतून ऐकू आली. एका हिवाळ्यात तीनदा हॉस्पिटल झालं. उत्तराचे पाय धावत यायचे, धावत जायचे. मी मनातल्या मनात ओरडत होते, "पलंग हलव गं, पलंग हलव!" पण जमिनीला तोंड कुठे?

जमिनीला एकच लिपी येते. ओल वाळली की काँक्रीटवर पांढरी भुकटी फुटते. दुसऱ्या हिवाळ्यात मी जीव एकवटून ती फोडली. कार्पेटच्या कडेने ती वर आली. उत्तराला दिसली. तिने कार्पेटचा कोपरा उचकटला आणि ती तिथेच गुडघ्यांवर बसली. पांढरी, मऊ, राखेसारखी भुकटी, आणि ती नेमकी वास्तुपुरुषाच्या डोक्यावर!

तिने हात जोडले. "अंगारा दिलास रे बाबा," म्हणाली, आणि चिमूटभर घेऊन लेकीच्या कपाळाला लावला.

मी लिहिलेलं पत्र तिने न वाचताच कपाळाला लावलं होतं. तिला हसू नका. तिच्या जागी लेकराचा श्वास मोजत बसलेली कोणीही बाई असती तरी तिने हेच केलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात, १९८६ साली, तिने चातुर्मासाचं व्रत धरलं. गादी नाही, उशी नाही, पूजेचं आसनही नाही. चार महिने एकभुक्त राहायचं आणि वास्तुपुरुषाच्या कोपऱ्यात नुसत्या जमिनीवर निजायचं. पद्मिनीचा पलंग वरच्या मजल्यावर गेला. कार्पेट मागे गुंडाळलं गेलं. एक पातळ चटई, आणि तिच्यावर ही माउली.

"उत्तरा, अगं डॉक्टरांची औषधं चालू आहेत ना? मग हे कशाला?" चारुदत्त म्हणायचे.

"औषध तिचं. व्रत माझं. दोन्हींचं भांडण थोडंच आहे?"

उन्हाळाभर मी कोरडी होते. मग ऑक्टोबर आला. चटई दमट व्हायला लागली. सकाळी पदर ओला लागायचा. ती तो हीटरसमोर धरून वाळवायची, कोणाला न सांगता. व्रत म्हटलं की कष्ट आलेच, असं पुटपुटायची. तिच्या हाडांत मी रोज गारवा ओतत होते. ते माझ्या हातात नव्हतं, आणि तरी तेच माझं शेवटचं साधन होतं. आता तरी ओळख बाई, म्हणत होते. तिला खोकला लागला. तो ती पदरात दाबायची. एका लेकराला वाचवायचं म्हणून मी आईला आजारी पाडत होते. माझं काय होत असेल तुम्हीच बघा.

आणि वरच्या मजल्यावर पद्मिनी मात्र बरी होती! ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली, छातीत शिट्टी नाही. सगळे म्हणाले, व्रत फळाला आलं. फळाला आलंच होतं, मी नाही म्हणत नाही. पण कसं आलं ते कोणालाच माहीत नव्हतं. आणि उद्यापन झालं की पलंग परत खाली यायचा होता. माझ्यावर. त्याच कोपऱ्यात. बाहेर पाऊस थांबत नव्हता. मी दिवस मोजत होते.

तिथी मधल्या वारी आली, पण या देशात सगळे देव शनिवारीच जेवतात. शनिवारी दुपारी मंडळी जमली. पूजा आग्नेयेच्या खोलीतच मांडली होती. श्रीरंग काका सोवळं नेसून, वर स्वेटर घालून बसले. चारुदत्त जिन्यावरून पलंगाच्या फळ्या खाली आणत होते.

पद्मिनी दारात उभी राहिली. पाच वर्षांची, दोन वेण्या घातलेली. "आई, आय डोंट वॉन्ट टू स्लीप हिअर."

"अगं, इथे वास्तुपुरुष आहे ना तुझ्याजवळ! तो सांभाळतो तुला."

"इट स्मेल्स वेट." तिने नाक मुरडलं. "ही मस्ट बी वेट टू, आई. ही हॅज नो ब्लँकेट."

"काय बाई एकेक बोलते!" जमलेल्या बायकांतल्या वसुधा मावशी हसल्या. सगळेच हसले. उत्तरा हसली नाही. तिला खोकल्याची उबळ आली होती.

चारुदत्तनी तिचं आसन आणलं. "आता व्रत संपलं. बस यावर." त्यांनी ते चटई सारून नेमकं त्या कोपऱ्यात ठेवलं. अडीच वर्षांनी माझा तुकडा त्याच्या जागेवर आला होता. मध्ये फक्त मी होते, चार इंच.

उत्तरा बसली. चार महिने ती जिथे कुडकुडली तिथेच बसली, आणि बसता बसता थबकली. आसनावर ऊब होती. तिने हात खाली टेकवला. आसनापलीकडे माझा गारठा, ओला. परत आसनावर हात. परत माझ्यावर. मी श्वास रोखला. काँक्रीटला श्वास नसतो, पण मी रोखला.

"आचमन करा," काका म्हणाले.

तिने पळी उचलली नाही. ती उठली, आसन उलटं केलं आणि जरीच्या अभ्र्याची शिवण दातांनी तोडली. निळा चौकोन बाहेर आला. कडा सुरीने वाकड्यातिकड्या कापलेल्या.

"अहो, हा तुकडा इथलाच ना? मग इथे खाली काय घातलं तुम्ही?"

चारुदत्तच्या हातातली फळी तशीच राहिली. "काही नाही. तो बसला नाही गं परत. म्हटलं, दोन फुटांनी..."

"आणि प्लास्टिक?"

"ते चिरलेलंच राहिलं."

उत्तराने काळवंडलेलं कार्पेट उलटून पाहिलं. पांढऱ्या भुकटीवर बोट फिरवलं. यावेळी तिने ते कपाळाला नेलं नाही, नाकाशी नेलं. मग तिने लेकीकडे पाहिलं आणि तिला दारातून जवळ ओढून घेतलं.

"मी हिला इथे निजवलं," ती म्हणाली. "देवाजवळ म्हणून."

"उद्याच हँकला बोलावतो. फोडू हा कोपरा," चारुदत्त म्हणाले.

श्रीरंग काका अडखळले. "वहिनी, एकदा स्थापन केला की तो हलवायचा नसतो. अपशकुन मानतात. डॉक्टर म्हणून सांगायचं तर फोडा. गुरुजी म्हणून..."

मी तिच्या पायांना विनवत होते. फोड मला. घण घाल. जमिनीला भंगायची भीती नसते गं.

उत्तराने त्या कोपऱ्याला हात जोडले. मग म्हणाली, "हलवत नाही भाऊजी. पोर बोलली तेच खरं. आपण त्याला माझ्या लेकराला सांभाळायला ठेवलं आणि ओल्यात उघडा टाकला. मी रोज त्याच्या पांघरुणावर बसून त्यालाच मागणं मागत होते. तो तिथेच राहील. मी फक्त पांघरूण घालतेय."

काकांनी स्वेटरच्या बाहीने चष्मा पुसला. "मग याला तर मुहूर्तही नको," ते म्हणाले.

सोमवारी हँक आला. त्याने यंत्र लावलं आणि मी फुटले. दुखलं का? हो. पण बाळंतिणीला विचारून बघा, सगळं दुखणं सारखं नसतं. भिजलेली, काळी माती उघडी पडली. तांब्याची डबी हिरवी झाली होती. "हू'ज धिस?" हँकने विचारलं. "मॅन ऑफ द हाउस," चारुदत्त म्हणाले. हँकने टोपी काढली, आणि त्या डबीभोवती कोरडी खडी अशी हलक्या हाताने भरली की जणू आत कोणी झोपलंय. वर नवं प्लास्टिक, काठ चिकटवून. मग उत्तराने स्वतः तो निळा चौकोन ठेवला. यावेळी तो बसला.

आज माझा आग्नेय कोपरा बाकीच्या अंगाहून वेगळ्या रंगाचा आहे. नव्या काँक्रीटचं ठिगळ म्हणा. जानेवारीचा पाऊस पडतोय आणि मी तिथे कोरडी आहे. डॉक्टर म्हणतात, पद्मिनीची छाती पुरती सुधारायला अजून वेळ लागेल. पलंग अजून वरच आहे. उत्तराने ठरवलंय, एक अख्खा पावसाळा बघायचा आणि मगच. तिचा खोकला जवळजवळ गेलाय. देवांसमोर ती आता पाटावर बसते.

तुम्ही नवं घर बांधाल. देव ठेवा, जरूर ठेवा. पण त्याच्यासाठी जे कापाल ते परत शिवा. दोन फुटांनी काय होतंय असं मात्र कधी म्हणू नका. त्या दोन फुटांवरच एखादं लेकरू निजतं.

काल शाळेतून आल्यावर पद्मिनी रंगीत खडू घेऊन त्या खोलीत आली. ठिगळावर पालथी पडली, गाल आणि तळवा टेकवला. तिच्यासाठी सगळी मोठी माणसं काकाच, खालचा वास्तुपुरुषही. तिने हळूच विचारलं, "काका, आर यू वॉर्म नाऊ?"

मला तोंड नाही. मी तिच्या तळव्याखाली जमेल तेवढी ऊब धरून ठेवली. तिने हात उचलला नाही.