मूर्तीखालचा गुलाब

हल्ली माझी कंबर मला न विचारता निर्णय घेते. पामेला नावाच्या गिऱ्हाइकाचं कपाट संपलं की माझा गाळा बंद, असं कंबरेने ठरवून टाकलं होतं.

कपाट भिंतीला टेकणारं, अर्धगोल. जुन्या ग्रीक-रोमन नक्षीचा इंग्रज साहेबाला दुसऱ्यांदा पुळका आला, त्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या काळातलं. दारांवर गुलाबांच्या माळा, कलश, मधल्या लंबगोलात वीणा घेतलेली बाई. सगळं हाताने रंगवलेलं. पण पामेलाने हे कधी पाहिलेलंच नव्हतं. नाताळला घराला रंग लागायचा आणि उरलेला डबा पामेलाचे वडील नेविल कपाटावर संपवायचे. पांढरा, पिस्ता, आकाशी. वर मरियामातेची मूर्ती. ती न हलवता तिच्याभोवतीने ब्रश फिरवायचे. ते गेल्यावर घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये सामान नेताना मूर्ती उचलली, तर खाली गुलाब!

पामेला हरखलीच. "काका, सगळा रंग काढा. ओरिजिनल पाहिजे."

वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात तीन आठवडे मी खरवडत होतो. चाळीस वर्षं हेच. लोकांनी मायेने चोपडलेलं काढायचं आणि साहेबाचं वर आणायचं. खरं सांगतो, वीट आला होता.

वरच्या फळीवर मूर्तीच्या जागेभोवती वीतभर रंग राहिला होता, तेव्हा पामेलाची आई, बर्नाडेटबाई, रिक्षाने आल्या. छातीशी कापडी पिशवी. दारांवरून त्यांनी हात फिरवला.

"छान झालंय. नेविलचा रंग कुठे आहे?"

मी कोपऱ्यातली गोणी दाखवली. त्यांनी एक पिस्ता रंगाची खपली उचलली, पाहिली आणि परत आत ठेवली. मला माझ्या कामाची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मला कोणी विचारलंच नाही, त्र्यंबकभाऊ," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी मूर्ती ठेवलेली. नेविल म्हणायचा, आईने ठेवलीय, आपण हलवायची नाही."

मग त्यांना फळीवरचा तो गोल दिसला. मधे गुलाब, आणि भोवती थरांवर थर चढून नाण्याएवढी जाड झालेली कड. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"सगळ्यात खाली पांढरा आहे ना? तो आमच्या पहिल्या नाताळचा." बोट तसंच ठेवून त्या म्हणाल्या, "एवढं राहू द्या, भाऊ."

"पामेला चिडेल."

"चिडू दे. तीन आठवडे सायबीण माझी, मरियामाता, फ्रीजवर उभी आहे. तिथे प्रार्थना कशी करायची?"

पिशवीतून मूर्ती काढून, नीट न बघताच, त्यांनी ती त्या गोलात ठेवली. बरोब्बर बसली. ज्या गुलाबापायी एवढा खटाटोप झाला, तो पुन्हा झाकला गेला.

मी खरवडणी पुसून खोक्यात टाकली आणि पामेलाला फोन लावला.

"काम झालं," म्हटलं. "अगदी ओरिजिनल आहे."