उंदराच्या मिशीपाशी सेरोटोनिन

उत्तरा अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूवर काम करायची. साल अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी तिचे साहेब, डॉक्टर विद्याधर तळपदे, जुहूच्या एका हॉटेलात भाषण देणार होते. विषय होता मेंदूतलं एक रसायन, ‘सेरोटोनिन: मेंदूचा ब्रेक’.

सकाळी तिने भूल दिलेल्या उंदराच्या स्मरणकेंद्रातल्या पेशीवर बारीक सुईतून सेरोटोनिन सोडलं. पेशीचे विजेचे ठोके ऐकवणाऱ्या स्पीकरमधली टकटक मंदावत थांबलीच.

“बघ, ब्रेक!” म्हणत साहेबांनी सगळ्यांसाठी वडे मागवले.

दुपारी सुई मिशा हलवणाऱ्या पेशींपाशी पोचली. दुसऱ्या एका रसायनामुळे तिथली पेशी आधीच सावकाश टकटकत होती. सेरोटोनिन पडताच स्पीकर चणे फुटल्यासारखा तडतडायला लागला.

“सुई बदल,” साहेब म्हणाले. तिने बदलली. तडतड तीच.

“मग उंदीरच येडा आहे.”

“हा तिसरा उंदीर आहे, सर. आधीच्या दोघांतही असंच झालं. सेरोटोनिन एका भागात पेशीला गप्प करतं आणि दुसऱ्या भागातल्या पेशीला चेव आणतं.”

“हे सांगायला मी नवा सूट शिवलाय होय गं?”

उत्तराला हसू आवरेना. साहेब रागाने निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाषणात जेवून आलेले डॉक्टर पेंगायला लागले. साहेबांनी घाबरून उत्तराला व्यासपीठावर बोलावलं. तिने सोबत आणलेली, त्या तडतडीची टेप लावली, तसे सगळे दचकून जागे झाले आणि तिलाच प्रश्न विचारत सुटले. तिने एकेकाला उत्तरं दिली.

चहाच्या वेळी साहेब सगळ्यांना सांगत होते, “मी तिला पहिल्यापासून हेच म्हणत होतो.”

उत्तराने आणखी एक पॅटिस उचललं आणि त्यांना खुशाल बोलू दिलं.