चमच्यापासून हातभर

मित्रांनो, मातीखाली गोल, तपकिरी, पापुद्रे सुटलेले काही दिसले की लोक त्याला कांदा म्हणून मोकळे होतात. म्हणून आधीच सांगतो, मी कांदा नाही. मी एक जुना कंद आहे. बेंगळुरूच्या जयनगरातल्या एका घरापुढच्या बागेत, कुंपणाच्या भिंतीलगत, गेली एकवीस वर्षे मी राहतो. माझ्या फुलाला इथे सगळे मे फ्लॉवर म्हणतात. मे महिन्यात जमिनीतून नुसता एक दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला शेंदरी लाल केसरांचा मोठा चेंडू उमलतो. वर्षातून एकदाच, दहाबारा दिवस.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. माझे डोळे त्या फुलात असतात. मागून येणाऱ्या पानांना डोळे नसतात. ती बिचारी पावसाळाभर स्वयंपाक करतात आणि दिवाळीनंतर वाळून जातात. एरवी मी आंधळाच. मातीतून पावले ओळखतो, पाणी कुणी घातले ते ओळखतो, वरचे बोलणे ऐकतो. बघतो मात्र मे महिन्यातच. त्यामुळे माझी सगळी कहाणी ही मे महिन्यांची आहे.

मला या घरात आणले शेजारच्या राजलक्ष्मी अम्मांनी. आणले म्हणजे काय, भिंतीवरून हात लांब करून अलकाताईंच्या ओंजळीत टाकले. अलकाताई आणि त्यांचे यजमान दामोदरराव मूळचे साताऱ्याचे. दामोदरराव इथल्या एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासायचे. मोजमाप हा त्यांचा धर्म. घरातली पोळीसुद्धा ते मापात आहे का म्हणून बघत, आणि अलकाताईंची बोलणी खात.

पहिल्या मे महिन्यात मी डोळे उघडले तेव्हा बाग नुसती फुलून गेली होती. मोगऱ्याला पानांपेक्षा कळ्या जास्त होत्या. फाटकावर बोगनवेल लवंडली होती. विहिणीसारखी नटलेली जास्वंद होती, चाफा होता आणि कोपऱ्यात अबोलीचा वाफा होता. अलकाताई तिला अबोली म्हणत, अम्मा कनकांबर म्हणत, आणि संध्याकाळी दोघी एकाच परडीतली फुले वाटून घेत. एवढ्या सगळ्यांत माझ्याकडे कोण बघणार, असे मला वाटले.

तेवढ्यात दामोदरराव लाकडी पेटी घेऊन आले. पेटीतून त्यांनी व्हर्नियर कॅलिपर काढला. उकिडवे बसून, एकही केसर न दुखवता, त्यांनी माझे फूल मापले.

"एकशे बावन्न मिलिमीटर," ते म्हणाले. "पास."

"फुलाला कधी कुणी नापास करतं का?" अलकाताईंनी विचारले.

"नापास करायचं नसलं तरी मोजायला नको?"

मित्रांनो, त्या एका शब्दावर मी पुढचे अकरा महिने काढले. तेव्हापासून दर मे महिन्यात ती पेटी यायची आणि मी श्वास रोखून बसायचो. एका वर्षी त्यांचा शाळकरी मुलगा ईशान याच्या क्रिकेटच्या चेंडूने माझा दांडा मोडला. फूल गेले की मी आंधळा होतो, त्यामुळे त्या वर्षी मी दोनच दिवस जग बघितले. ईशान रडला होता. अलकाताई त्याला म्हणाल्या, "फूल गेलं तर जाऊ दे. खाली कंद आहे ना, पुढच्या वर्षी येईल."

हिवाळ्यात माझी वर काहीच खूण राहत नाही. एकदा कुणी रिकामी जागा समजून कुदळ घातली आणि माझ्या खांद्याचा लचका निघाला. अलकाताईंनी जखमेला राख लावली, मला परत पुरले आणि माझ्या अगदी शेजारी एक स्टीलचा चमचा मातीत उभा रोवला. "हा चमचा कुणी हलवायचा नाही," असे त्यांनी घरात सांगून ठेवले. तांदूळ धुतलेले पाणी त्या रोज चमच्याजवळ ओतायच्या.

मग एकेक मे रिकामा होत गेला. अम्मांचे घर पाडून तिथे चार मजली इमारत उभी राहिली आणि अबोलीच्या वाफ्यावरचे ऊन गेले. ईशान लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला चौदाव्या मजल्यावर राहायला गेला. तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात दामोदरराव गेले. मी तेव्हा झोपेत होतो. घरात पावले फार वाढली एवढेच मला कळले. पुढच्या मे महिन्यात पेटी घेऊन अलकाताई एकट्याच आल्या. त्यांनी कॅलिपर माझ्या फुलाला लावला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"मला यातलं काही वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण पास."

गेल्या डिसेंबरात त्या न्हाणीघरात पडल्या. खुब्याचे हाड मोडले. दवाखान्यातून ईशानने त्यांना थेट आपल्या घरी नेले आणि त्या पुन्हा इथे आल्या नाहीत. घर बिल्डरला द्यायचे ठरले. राखणीला देवाप्पा राहिला. हा चिक्कोडीकडचा माणूस पूर्वी बागेत काम करायचा.

फेब्रुवारीत एका दुपारी ईशान खुरपे घेऊन आला. अलकाताईंनी या घरातून एकच वस्तू मागितली होती, आणि ती मी होतो. त्यांना बाल्कनीत कुंडी ठेवून माझे फूल एकदा बघायचे होते. मोबाइलमधून त्यांचा आवाज आला आणि आनंदाने माझे पापुद्रे सैल झाले.

"चमचा दिसला का रे?"

"दिसला आई."

"त्याच्या अगदी शेजारी खण. भिंतीच्या अंगाला. हळू हं."

खुरपे मातीत शिरले. पण ते माझ्यापासून हातभर लांब होते. तिथे निशिगंधाचा एक जुना कांदा होता. तो दोन वर्षांपूर्वीच मेला होता, नुसते पोकळ टरफल उरले होते. मी इकडे आहे, असे मी किती ओरडलो. कंदाला तोंड नसते, मित्रांनो.

"मिळाला, आई."

"त्याच्या खांद्यावर जुनी जखम आहे. आहे का बघ."

"आहे गं. आई, माझी मीटिंग आहे, निघतो मी."

ईशानची पावले दूर गेली. फाटक वाजले. त्या दिवशी मला पहिल्यांदा मातीचे ओझे वाटले.

तरी मी उमलायचे सोडले नाही. सवय म्हणा, खुळेपणा म्हणा. मे उजाडला, एक वळीव पडला, मी दांडा वर काढला आणि डोळे उघडले. समोर पत्र्याचे कुंपण होते. मोगऱ्याचे खराटे झाले होते. जास्वंद बुंध्यापासून तोडली होती. बोगनवेल तेवढी फुलली होती, कारण तिला पाणी लागत नाही आणि माणसेही लागत नाहीत. माझा चमचा हातभर पलीकडे उभा होता.

पाचव्या दिवशी ईशान आला. त्याच्या डोक्यावर नुकतेच खुंट उगवू लागले होते. किल्ल्या देवाप्पाच्या हातात देताना तो म्हणाला, "काल आईचा तेरावा झाला." मग त्याची नजर माझ्यावर गेली आणि तो तिथेच थांबला.

"हे इथं कसं? मी तर कंद नेला होता."

देवाप्पाने चमच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "अण्णा, चमचा मीच उपटलो होतो की. कुदळीची माती खरवडायला. परत रोवलो. स्वल्प इकडं झाला बघा."

ईशान मातीतच बसला.

"रोज विचारायची, उगवलं का म्हणून," तो म्हणाला. "कुबडीला धरून तांदळाचं पाणी घालायला जायची. मी म्हणायचो, झोपलंय गं, मे उजाडू दे. शेवटी शेवटी म्हणाली, माझ्याच हातून मेला बहुतेक, यांनी एवढं जपलेला. जखम आहे का बघ म्हणाली होती, देवाप्पा. मी बघितलीच नाही. आहे म्हणून सांगितलं आणि तिला न दाखवताच कुंडीत पुरून टाकला."

देवाप्पाने उपरण्याने तोंड पुसले. "गड्डा काढून देऊ काय, अण्णा? सोमवारी घर पाडायचं मशीन येतंय. फावडं आणतो, सरी ना?"

"आता कुणासाठी?" ईशान म्हणाला.

त्याने दोन बोटांत माझा दांडा धरला. चेंडूने मोडलेला दांडा बघून रडणारा तो मुलगा मला आठवला. आईच्या फोटोपुढे ठेवतो, असे काहीतरी तो पुटपुटला आणि त्याने फूल खुडले. मग अंधार झाला.

मित्रांनो, मी ईशानला दोष देत नाही, देवाप्पाला तर नाहीच. पण माझे एवढे ऐका. घरातले म्हातारे माणूस तुम्हाला एखादी लहानशी गोष्ट बघायला सांगेल, तेव्हा वाकून बघा. बघितल्याशिवाय 'आहे' म्हणू नका. अलकाताईंनी माझा जीव वाचवला, आणि आपण तो घेतला असे समजून त्या गेल्या. त्यांना खरे काय ते सांगायला मला आता कुठलाही मे पुरणार नाही.

आज रविवार आहे. माझी पाने वर यायला लागली आहेत, वेड्यासारखी पुढच्या वर्षीचे अन्न शिजवायच्या तयारीत आहेत. त्यांना सोमवारचे मी काही सांगितलेले नाही. यंदाचे फूल आजवरच्या सगळ्या फुलांपेक्षा मोठे होते. कुणी मोजले असते, तर पास झाले असते.