कोण हललं?

शिट्टी वाजली आणि नियमाप्रमाणे मैदानावरच्या चोवीस मुली जागच्या जागी थांबल्या. कुणाचा पाय अर्धवट पुढे, कुणाची चेंडू झेलायची जाळीदार काठी हवेत. मधोमध विरुद्ध संघाची अकरा नंबरची मुलगी कानशील दाबून गवतावर बसली होती. महिला कॉलेजांच्या राष्ट्रीय लॅक्रॉस स्पर्धेचा अंतिम सामना संपायला चार मिनिटं होती आणि प्रशिक्षक टास्करबाईंचा संघ एका गोलने पुढे होता.

बाईंनी बाकावरून सगळं पाहिलं होतं. चेंडू उडवायला गेलेली त्यांच्याच संघातल्या कोरीनची काठी त्या मुलीच्या कानशिलावर बसली होती. पंचांचं लक्ष मात्र तेव्हा गोलकडे होतं. त्यांना वाटलं, पोरगी अडखळून पडली. तिला आधार देऊन बाहेर नेलं, तिच्या जागी दुसरी आली. घरंगळलेला चेंडू सर्वांत जवळच्या मुलीला मिळाला. ती कोरीनच होती.

"वाचलो, बाई," शेजारी बसलेली राखीव खेळाडू डेल पुटपुटली. "दिसलं असतं तर कोरीन सरळ बाहेर."

बाईंनी या कॉलेजात तीस वर्षं शिकवूनही हा चषक एकदाही घरी आला नव्हता, आणि पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. त्या उठल्या आणि मैदानाकडे पाठ करून पाण्याच्या बाटल्या ओळीत लावू लागल्या.

कोरीन आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्या उन्हाळी वर्गात यायची. शिट्टी झाली की थांबायचं, हे लहान मुलींच्या अंगी लवकर येत नाही. म्हणून बाई पाठ फिरवून शिट्टी फुंकायच्या आणि मान न वळवता विचारायच्या, "कोण हललं?" पाहणारं कुणी नसायचं. जी हलली असेल तिने आपणहून हात वर करायचा. कोरीनचा हात सगळ्यांआधी वर जायचा. मुली तिला डुलती बाहुली म्हणून चिडवायच्या.

खेळ सुरू करणारी शिट्टी झाली. पावलं धावली आणि मग एकेक करून थांबली.

"आता हिचा का पुतळा झाला?" डेल म्हणाली.

बाई वळल्या. कोरीन जागची हललीच नव्हती. चेंडू तिने पायाशी गवतावर ठेवला होता आणि एक हात वर केला होता. ती पंचांकडे बघत नव्हती. बाकाकडे बघत होती.

पंच तिच्यापाशी गेल्या. दोन-तीन वाक्यं झाली. कार्ड निघालं आणि चेंडू समोरच्यांना मिळाला.

कोरीन काठी खाली धरून चालत आली. डेलने तिच्याकडे पाहिलंही नाही. बाईंनी सरकून जागा केली. मैदानावर अकरा जणी बारा जणींना अडवत होत्या.

कोरीनने धापा टाकतच हळू विचारलं, "बाई, तुम्हाला दिसलं होतं?"

बाईंनी मैदानावरची नजर काढली नाही. फक्त उजवा हात उचलला, खांद्याएवढा, आणि तो तसाच वर धरून ठेवला.