एकोणीस इंच

तिसगावच्या बाजारपेठेत मनकर्णाचं शिलाईचं दुकान आहे आणि तिच्या मापाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. बाई दारातून आत येईपर्यंत तिच्या मनात ब्लाउज बेतून झालेला असतो. टेप आपण नुसती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी लावतो, असं ती स्वतःच सांगते आणि जरा जास्तच वेळा सांगते.

तिला दोन्ही मुलगेच. त्यामुळे फ्रॉक-परकराची सगळी हौस तिने भाचीवर भागवली. धाकटा भाऊ कल्याण हा नगरला सावेडीत राहतो, त्याची ही मुलगी, धनश्री. बारशाला तिच्या कानात नाव सांगितलं ते आत्यानेच, कुंची शिवली ती आत्यानेच. पुढच्या एकाही वाढदिवसाला त्या पोरीच्या अंगाला तिने दुकानातला फ्रॉक लागू दिला नाही. धनश्रीही येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे गिरकी घेऊन 'आत्याने शिवलाय' म्हणायची. तेवढं ऐकायला मनकर्णा एसटीचे धक्के खात नगरला जायची.

या वर्षी भावजयीने, अश्विनीने, शिलाई मशीन घेतलं आणि मनकर्णाच्या पोटात दुखायला लागलं.

कल्याणने नवा फ्लॅट घेतला होता. त्यात धनश्रीला स्वतंत्र खोली, आणि त्या खोलीत पलंगावर मांडायला अश्विनी आपल्या हाताने पाच उशा शिवणार होती. प्रत्येकीवर कापडाचं चित्र कापून लावायचं, ससा, चांदोबा, मासा असं काहीबाही. हे सगळं मोबाईलवर बघून. मोबाईलवर बघून कुणी शिवण शिकतं का, असं मनकर्णाने नवऱ्याला विचारलं, शेजारणीला विचारलं, दोन गिऱ्हाइकांनाही विचारलं. आत्या, या वाढदिवसाला फ्रॉक नको, आई उशा करतेय ना, असं धनश्रीने फोनवर सांगितलं त्या दिवशी तर तिला भाकरी गोड लागली नाही. सात वर्षांची पोर, पण आत्याला किती सहज रजा दिली तिने.

मग एका दुपारी अश्विनीचाच फोन आला. आतल्या भरलेल्या उशा बाजारातून सोळा इंची आणल्यात, तर खोळीचं कापड किती कापू, असं ती विचारत होती. आता हे कुठल्याही शिवणाऱ्या बाईला झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगेल, की सोळाच काप. शिलाईत इंचभर जातं, खोळ तंग बसते आणि उशी कशी टम्म दिसते. मनकर्णाच्या जिभेवर सोळाच होतं. तेवढ्यात पलीकडून धनश्रीचा आवाज आला, आई, सशाला गुलाबी कान लाव ना. आणि मनकर्णाच्या तोंडून भलतंच निघालं.

"एकोणीस काप. शिलाईत लई जातं."

फोन ठेवल्यावर तिला वाईट वाटलं असेल, असं कुणाला वाटेल. तसलं काही झालं नाही. उलट तिला बरं वाटलं, आणि संध्याकाळी तिने हौसेने पिठलं केलं. मधल्या पंधरा दिवसांत एक फोन करून माप दुरुस्त करता आलं असतं. तिने केला नाही.

वाढदिवसाला ती दुपारीच सावेडीत पोचली. पिशवीत कुणी न मागितलेला फ्रॉक होताच. धनश्रीने तो घेतला, छान आहे म्हणाली, खुर्चीवर ठेवला आणि आत्याचा हात धरून तिला खोलीत ओढत नेलं. पलंगावर पाच उशा होत्या. चित्रं सुरेख होती, मनकर्णालाही ते कबूल करावं लागलं, आणि त्याने ती आणखीच जळाली. पण खोळी मात्र ढगळ. कोपरे लोंबत होते, मधे चुण्या पडल्या होत्या, सशाच्या पोटाला घडी पडली होती. मनकर्णाला हवं होतं ते अगदी तिच्या मनासारखं झालं होतं.

शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई आल्या, त्यांनी एक उशी उचलून हलवली आणि खोळ फारच सैल झालीय, असं म्हणाल्या. मनकर्णा या क्षणाची वाट पाहत होती. पदर सावरून ती भावजयीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मोबाईलवर सोळाच सांगत होते," अश्विनी म्हणाली. "पण ताईंनी एकोणीस सांगितलं. वीस वर्षं शिवतायत त्या, म्हणून मी मोबाईल बाजूला ठेवला. माझीच शिलाई कुठंतरी ढिली पडली असणार."

मनकर्णाने तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. टोमणा असता तर बरं झालं असतं, दोन शब्द उलट सुनावता आले असते. पण अश्विनी खरंच आपल्या शिलाईकडे निरखून बघत होती. शेजारच्या बाईंनी मात्र मनकर्णाकडे पाहिलं आणि तिसगावला शिवतात त्या याच का, असं हळूच विचारलं. याच, म्हणून अश्विनीने कौतुकाने सांगितलं. मनकर्णाला तोंड कुठे लपवावं ते कळेना.

बाई गेल्यावर तिने खडू आणि कात्री मागितली.

"तुजी शिलाई ढिली न्हाई," ती म्हणाली. "माप मी चुकीचं सांगितलं."

"होतं ताई, चुकून."

एवढ्यावर सुटता आलं असतं. दार सताड उघडं होतं.

"चुकून न्हाई सांगितलं."

अश्विनीने हातातल्या उशीची लोंबणारी टोकं चाचपली. मग तिने खडू आणून दिला, मशीनवरचं कापड काढलं आणि पाहुण्यांचं बघायला स्वयंपाकघरात निघून गेली.

मनकर्णाने पाचही खोळी उलट्या केल्या, खडूने रेघा मारल्या आणि चारी बाजूंनी दीड-दीड इंच आत टीप घातली. मशीन नवं होतं, हलकं चालत होतं, तिच्या दुकानातल्यापेक्षा चांगलं. तेही तिला खुपलंच. चार उशा भरल्यावर अशा फुलल्या की दुकानातल्या वाटाव्यात. सशाचा गुलाबी कान मात्र कडेला फार जवळ लावला होता. टीप आत घेताना त्याचा शेंडा शिलाईत गेला. त्याला इलाज नव्हता.

धनश्री धावत आली. तिने पाचही उशा दाबून पाहिल्या आणि सशाची उशी मांडीवर घेऊन त्याच्या कानावर बोट ठेवलं.

"आत्या, कान कुणी कापला? आईने?"

अश्विनी दारात येऊन उभी होती.

"न्हाई गं," मनकर्णा म्हणाली. "आत्यानं."

धनश्रीने तिच्याकडे पाहिलं. मग उशी छातीशी धरून ती उठली आणि कान नीट करून घ्यायला आईकडे गेली.