उरलेले चारशे अकरा

२०१७ च्या त्या ऑक्टोबरात आमच्या बाभुळगाव तालुक्यात फवारणीला गेलेला माणूस घरी आला की बायका आधी त्याचे डोळे लाल झालेत का ते बघायच्या. बोंडअळीने हैराण झालेले लोक दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र कालवून मारत होते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती, आणि चायना पंपाचा फवारा उलटून सरळ तोंडावर यायचा. दर आठवड्याला कोणीतरी यवतमाळला दवाखान्यात भरती व्हायचं. काही परत आले नाहीत. माझे बाबा, मारोती, रोजाने फवारायला जायचे. मी जाऊ नका म्हणायचे, ते "हो" म्हणायचे आणि जायचे.

मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली. त्यामुळे गावात कोणाचा टीव्ही बंद पडला तरी उर्वशीला बोलवा, अशी माझी ख्याती होती. एका शनिवारी गावच्या आशा कार्यकर्त्या इंदूबाई माझ्याकडे तीन याद्या घेऊन आल्या. फवारणी करणाऱ्या मजुरांची नावं, गावं, फोन नंबर, सगळं इंग्रजीत. डॉक्टरांनी त्यांना दोन औषधांची नावं दिली होती. ही दोन एकत्र मारलेला माणूस वाचवणं कठीण जातं. सोमवारी सकाळी पंप भरायच्या आत सगळ्यांना मेसेज जायला हवा होता.

मी जावास्क्रिप्टमध्ये छोटासा प्रोग्राम लिहिला. अडचण एकच होती: तिन्ही याद्यांत तोच माणूस तीन तऱ्हांनी आला होता. कुठे दोन जागा सोडून, कुठे मध्ये टिंब देऊन, कुठे सगळी मोठी अक्षरं. नंबरावरून जुळवावं तर एकेका फोनवर चार-चार माणसं. मग मी इंटरनेटवरून एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला आयता प्रोग्राम, घेतली. तिला नाव आणि गाव दिलं की ती टिंबं, रिकाम्या जागा, नको ते सगळं झाडून एक साफ खूण हातात देते. खूण सारखी निघाली तर माणूस एकच. पाच नावांवर करून बघितलं, झकास चाललं. मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

रविवारी इंदूबाई म्हणाल्या, "बाई, नावं मराठीत टाक नं. आपलं नाव वाचलं की माणूस पुढचं वाचते." पटलं मला. दिवसभर बसून मी चारशे बारा नावं, गावांसकट, मराठीत करून घेतली. त्यांत सगळ्यात शेवटी बाबांचं टाकलं, कारण ते कोणत्याच यादीत नव्हते. पुन्हा करून बघितलं नाही.

सोमवारी पावणेआठला मी बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: सगळ्यांना मेसेज गेले. ते वाक्य मीच लिहून ठेवलेलं होतं. एकाला गेला असता तरी ते तेच म्हणालं असतं. मी चहा करून प्यायले.

दहाच्या सुमारास इंदूबाई दारात आल्या. "उर्वशी, माह्या फोनवर तं काहीच नाई आलं. मीनं माहं नावही टाकाले सांगतलं होतं."

नेटवर्क नसेल, असं म्हणत मी मेसेज पाठवणाऱ्या कंपनीचं पान उघडलं. पाठवले: एक.

मी तो आकडा परत परत वाचला. मग नावांच्या खुणा छापून बघितल्या. एकही खूण नव्हती, ओळीमागून ओळ नुसती कोरी. त्या लायब्ररीला फक्त इंग्रजी अक्षरं कळत होती. मराठीतलं प्रत्येक अक्षर तिने कचरा समजून झाडून टाकलं होतं. चारशे बारा नावांची खूण सारखीच, कोरी. म्हणून चारशे बारा नावं मिळून एकच माणूस झाली होती, प्रत्येक नवं नाव आधीच्याला पुसत गेलं होतं, आणि निरोप गेला होता यादीतल्या शेवटच्याला.

म्हणजे बाबांना.

मी बाबांना फोन लावला, उचलला नाही. परत लावला. ते पंजाबरावांच्या वावरात होते, प्रेमदादाबरोबर. प्रेमदादा जवळच्या बंजारा तांड्यावरचा, दोघं चार वर्षांपासून जोडीने जायचे. निरोप वाचला असेल का? चष्मा तर घरीच ठेवून जातात.

तेवढ्यात अंगणात सायकल वाजली. बाबा होते. डोळे स्वच्छ, कपडे कोरडे. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि लहान पोरीसारखी रडले.

"काहून रडतं? आलो नं मी," ते म्हणाले. "प्रेमनं वाचून दाखवला मॅसेज. म्या पंप तसाच वावराच्या धुऱ्यावर ठेवला."

"मग प्रेमदादा?"

"थो म्हणे, काका, मले तं नाई आला. माह्या औषधात तसं नसन मंग. पंजाबरावही म्हणे, पोरीनं बापाले घरी बोलवाले धाडला असन. म्या दोन घंटे धुऱ्यावर बसून लय सांगतलं. थो मारूनच राह्यला."

माझा आनंद तिथेच जिरला. प्रेमदादाचं नाव यादीत होतं आणि त्याचा निरोप माझ्याच चुकीने अडकला, हे बाबांना सांगितलं. ते सायकलवर बसले आणि आल्या वाटेने जोरात निघाले.

मी ती लायब्ररी काढून फेकली. जुळवाजुळव गेली खड्ड्यात, एकाला तीनदा गेला तरी चालेल. उरलेल्या सगळ्यांना निरोप गेला तेव्हा दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी एकेक पोच मोजत बसले. तालुक्यात त्या घडीला कोण कुठे पंप घेऊन उभं असेल, तेच डोळ्यांसमोर येत होतं. तोवर मला कशाचीच एवढी भीती वाटली नव्हती.

बाबा पोचले तेव्हा प्रेमदादा पऱ्हाटीच्या ओळीत पालथा पडलेला होता.

दुपारी आम्ही यवतमाळच्या दवाखान्यात गेलो. झटापट करू नये म्हणून प्रेमदादाचे हात पट्ट्यांनी खाटेला बांधले होते, तो कोणालाच ओळखत नव्हता. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काही सांगता येत नाही. त्याची बायको राखीवहिनी बाहेर फरशीवर बसली होती. निरोप सकाळी फक्त माझ्या बापाला आला, असं तांड्यावर कोणीतरी बोललंच होतं तिच्याजवळ. तिने मला बघितलं आणि उठून उभी राहिली.

"उर्वशी, खरं सांग. त्याईचं नाव होतं का तुह्या यादीत?"

मी काही बोलायच्या आत बाबा पुढे झाले. "नव्हतं, राखी. मलेच तिले सांगाचं होतं, मीच भुललो." माझ्या बापाला मी उभ्या जन्मात खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

गप्प राहिले असते तर सुटले असते.

"होतं, वहिनी," मी म्हटलं. "मीच टाकलं होतं. माझ्याच चुकीने गेलं नाही."

बाबांनी डोळे मिटले. राखीवहिनी माझ्याकडे बघत राहिली, आणि ती काय म्हणते ते ऐकायला मी तिथेच उभी राहिले.