बत्तीस इंच

मोटरहोमच्या टपावर एक टेबल चार पाय आभाळाकडे करून उताणं पडलं होतं आणि रस्त्यावरचा प्रत्येक माणूस त्याच्याकडे बघून हसत होता. हसेनात का! टेलरबाईंना त्याचं काही वाटत नव्हतं. खिडकीशी बसून त्या मधूनमधून वर छताकडे नजर टाकत, जणू वर बाळ निजलंय.

मोटरहोम लेकीने आठ दिवसांसाठी भाड्याने घेतली होती. पुढे ड्रायव्हरची जागा, मागे निजायच्या दोन फळ्या, एक शेगडी आणि माणसाने आडवं होऊनच शिरावं असं न्हाणीघर. नऊ वर्षांच्या नातीने, म्हणजे चिमटीने, पहिल्याच दिवशी गाडीचं नाव 'कासव' ठेवलं. कासव हाकायला बाईंचे यजमान होते. एकतीस वर्षं बस चालवून ते निवृत्त झाले होते. एवढ्या वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही, हे ते ओळखपाळख व्हायच्या आधीच सांगून मोकळे होत. घरातही कुणी दारात उभं राहिलं की म्हणत, "मागे जागा आहे, पुढे सरका."

पाच दिवस ते समुद्राच्या कडेकडेने आले. सहाव्या सकाळी ज्या बंदराच्या गावात बाई शिवण शिकल्या तिथे थांबले. मास्तरीणबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. बाई नुसत्या दारात नमस्कार करून परतणार होत्या. पण मास्तरीणबाईंच्या भाचीने त्यांना हाताला धरून आत नेलं.

"मावशीने हे तुमच्यासाठी ठेवलंय. आम्हाला कुणाला हात लावू दिला नाही."

ते कापड बेतायचं टेबल होतं. काठाला पितळी पट्टी ठोकलेली, डाव्या कोपऱ्यात मास्तरीणबाईंच्या कोपराने लाकूड झिजून बशीसारखं खोलगट झालेलं. याच टेबलाशी बाईंनी तीन वर्षं ओठात टाचण्या धरून काढली होती. "कात्री हातात, टाचण्या ओठात आणि मन कापडात," मास्तरीणबाई म्हणायच्या. बाईंचा हात पहिल्यांदा स्थिर झाला तो तिथे. त्यांनी टेबलावर तळवा ठेवला आणि डोळे भरून आले.

टेबल कासवाच्या दारातून काही केल्या आत जाईना. पाय काढावेत तर सगळी खाचेतली जोडणी, खिळा एक नाही. शेवटी यजमानांनी ते टपावर चढवलं, उलटं ठेवलं आणि दोर आवळताना खाली ओरडले, "पाय किती उंचीचे गं?"

बाईंनी गळ्यातला टेप काढला. तो त्यांच्या गळ्यात कायमचाच. टेपवर अंगठ्याचं नख ठेवून त्यांनी वर दाखवलं. "बत्तीस इंच."

"मापलंस कधी?"

"मास्तरीणबाईंनीच मापून दिलं होतं. टेबल काही वाढत्या वयाचं नाही."

दुपारी समुद्र मागे पडला आणि आतल्या बाजूचा उघडा, पिवळा मुलूख सुरू झाला. चार वाजले. बाईंनी पदर सावरला, डोळे मिटले आणि ओठ बंद केले. अकरा वर्षं त्यांचं हे व्रत होतं. चार ते पाच मौन, मनात फक्त नामस्मरण. बदल्यात त्यांनी देवाकडे काही मागितलेलं नव्हतं. दिवसातला एक तास त्याचा, एवढंच. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी तो तास मोडलेला नव्हता.

"झाली आजी म्यूट," चिमटी म्हणाली.

"चिमटे!" लेकीने डोळे वटारले, पण हसू तिलाही आवरलं नाही.

वीसेक मिनिटांनी कासवाचा वेग कमी झाला. बाईंनी डोळे उघडले. समोर रस्त्यावरून रेल्वेचा जुना दगडी पूल गेला होता. खालची कमान बुटकी होती आणि तिच्यावर पाटी होती: उंची साडेदहा फूट.

"बाबा, जाईल ना?" लेकीने विचारलं.

यजमानांनी काचेवरच्या, गाडीची उंची लिहिलेल्या चिठ्ठीवर बोट टेकवलं. "गाडी साडेनऊ फूट. एक फूट मोकळा. नाचत जाईल!"

गाडी साडेनऊ, पण टेबल? साडेनऊ आणि बत्तीस इंच म्हणजे बारा फुटांच्या वर. ड्रायव्हरसाहेबांच्या लेखी टपावर काही चढलेलंच नव्हतं! दगड आणि ते पाय, चारही काडीसारखे मोडणार.

त्यांनी टाळी वाजवली.

"चहा पुढच्या गावात," यजमान म्हणाले.

त्यांनी जोराने वर बोट दाखवलं.

"हो हो, त्याच्यावर माझाही भरवसा आहे," यजमानांनी समोर बघतच हात जोडल्यासारखं केलं.

"आजी म्हणतेय, ऊन फार आहे," चिमटीने दुभाष्याचं काम केलं.

कमान जवळ येत होती. बाईंच्या ओठांपर्यंत शब्द आला. गळ्यातला टेप दाखवून नाही जमलं तर ओरडायचं, हे त्यांनी त्याच क्षणी ठरवून टाकलं. देवाला एका तासापेक्षा मास्तरीणबाईंचं टेबल नक्कीच प्यारं असेल, माफी मागायला आयुष्य पडलंय. मनाशी हे पक्कं झालं आणि हात कसा एकदम शांत झाला, कात्री धरल्यासारखा. त्यांनी टेप ओढून काढला, पुढे वाकल्या आणि तो यजमानांच्या नाकासमोर ताणून धरला. अंगठ्याचं नख नेमकं बत्तीसवर.

यजमानांनी आकडा बघितला. सकाळचाच अंगठा, सकाळचाच आकडा.

कासव करकचून थांबलं. मागून दुधाचा टँकर, त्याच्यामागे आणखी दोन गाड्या येऊन भिडल्या.

"टेबल!" यजमान म्हणाले.

मागे वळायला जागा नव्हती. बाई खाली उतरल्या आणि बोटांनीच कामं वाटू लागल्या. दोर सोडा. उतरवा. एकेकाने एकेक पाय धरा. यजमान, लेक, चिमटी आणि त्या स्वतः, चौघांनी टेबल सरळ करून उचललं. टँकरवाल्याने हॉर्न दाबला. बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि त्याने हॉर्न सोडला. मग तोच उतरून आला आणि चिमटीच्या कोपऱ्याला हात लावला.

"घर बदलताय का?" त्याने विचारलं.

"नाही, सहल," चिमटी धापा टाकत म्हणाली.

कमानीखालून टेबल चालत गेलं. पितळी पट्टीला कुठे दगड लागला नाही. पलीकडे यजमानांनी कासव आणलं, टेबल पुन्हा टपावर चढलं आणि या वेळी ते दोर आवळून झाल्यावर दोनदा हलवून बघून आले.

पाच वाजले. बाईंचं मौन सुटलं आणि त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"अगं, एक शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?" यजमानांनी विचारलं. आवाजात तक्रारीपेक्षा धास्ती जास्त होती.

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, एकतीस वर्षं गाडी चालवलीय, मला शिकवू नकोस. तुमचं वाक्य संपेपर्यंत पूल आला असता."

लेक फिस्कन हसली. यजमानांनी कान खाजवला.

"म्हणालो असतो खरा."

थोडं अंतर गेल्यावर त्यांनी आरशातून मागे पाहिलं. "उद्याही चार ते पाच का?"

"रोजच."

"मग तो टेप इथे पुढे अडकवून ठेव. समोर राहू दे."

बाईंनी टेप गळ्यातून काढला, आरशाला अडकवला आणि बत्तीस आकडा समोर येईल असा सरळ केला.